आधी वाचक, मग छपाई

(वऱ्हाडातील लेखकांनी स्वखर्चाने ग्रंथप्रकाशन करताना येणाऱ्या अडचणी या विषयावरील भाषणाचा मजकूर)



वऱ्हाडात लिहिणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात ज्या रिद्धपूर येथे श्रीचक्रधरस्वामींच्या लीळा एकत्र केल्या, ते रिद्धपूर अमरावती जिल्ह्यात आहे आणि तेथेच २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १९२३ मध्ये मकरसंक्रांतीच्या दिवशी अमरावती येथे झाली. मराठी साहित्य संमेलन अकोल्यास १९१२ मध्ये हरि नारायण आपटे यांच्या आणि १९८१ मध्ये गो. नी. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली भरले. अमरावतीचा मान १९८९ मध्ये आला. तात्पर्य, या भूमीला ग्रंथांचे वावडे नाही.

उणीव आहे ती वेगळ्याच गोष्टीची. लिहिलेले पुस्तक छापून वाचकाच्या हाती सुखरूप पोचविणारी व्यवस्था येथे पुरेशी नाही. मराठीतील मोठे प्रकाशनव्यवसाय मुख्यतः पुण्या-मुंबईकडे एकवटले आहेत. जे पुस्तक दोन-तीन तालुक्यांतच वाचले जाण्याची शक्यता आहे, ते अशा प्रकाशकाला परवडत नाही आणि त्याबद्दल त्याला दोष देताही येत नाही. परंतु नेमकी अशीच पुस्तके गावाच्या दृष्टीने मोलाची असतात. दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यातील शेतीचा अनुभव, मेळघाटच्या पायथ्याच्या एखाद्या गावाचा इतिहास, जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह, वऱ्हाडी बोलीतील कथा, हे सारे कोणी तरी जवळच्याच माणसाने लिहावयाचे आणि त्यानेच छापावयाचे, अशी स्थिती आहे. लिहिणारा बहुधा शिक्षक, ग्रामसेवक, कास्तकार किंवा सेवानिवृत्त कर्मचारी असतो. तो निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून किंवा भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढतो, हजार प्रती छापतो, थाटामाटाने प्रकाशन समारंभ करतो. आणि दोन वर्षांनंतर त्यांपैकी बहुतेक प्रती घरातील एका खोलीत वाळवीची वाट पाहत पडून असतात. पैसा जातो, उमेद जाते, आणि पुढचे पुस्तक लिहिलेच जात नाही. हे नुकसान एका घरापुरते राहत नाही. त्या पुस्तकात जे गाव होते, तेही त्या गठ्ठ्यात बांधले जाते.

म्हणून या विषयाचा विचार व्यवहाराच्या अंगाने करणे अगत्याचे आहे. छापखाना लेखकाला प्रती देतो, वाचक देत नाही. वाचक आधी शोधावे लागतात, आणि त्यांच्या संख्येवरून प्रतींची संख्या ठरवावी लागते. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा होतो.

मागील पिढ्यांचा अनुभव

वऱ्हाडाचा स्वतःचाच इतिहास या बाबतीत बोलका आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती पाचशे आणि किंमत नऊ आणे. लेखिका बुलढाण्यात आणि छापखाना पुण्यात, एवढ्या अंतरावरून एका स्त्रीने त्या काळी पुस्तक काढले, हेच मोठे धाडस होते. पुस्तकावर कडाडून टीका झाली. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली, पण पुस्तक हळूहळू विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा संपादित करून प्रसिद्ध केले, तेव्हा मधली ९३ वर्षे उलटून गेली होती. आज ते भारतीय स्त्रीविचाराच्या इतिहासातील एक महत्त्वाचे पुस्तक मानले जाते. कोठे तरी एखादी प्रत टिकून राहिली नसती तर हे घडलेच नसते. पुस्तक उत्तम असणे आणि पुस्तक टिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्यातून घेता येतो.

दुसरे उदाहरण प्रज्ञाचक्षू संत गुलाबराव महाराज यांचे. माधान येथील या सत्पुरुषाची दृष्टी अगदी तान्हेपणी गेली आणि आयुष्य अवघे ३४ वर्षांचे लाभले. तरीही त्यांच्या नावावर सव्वाशेहून अधिक ग्रंथ आहेत. महाराज सांगत आणि शिष्य लिहून घेत. पुढे ते लेखन ‘सूक्तिरत्नावली’च्या रूपाने प्रसिद्ध झाले, तेही त्यांना मानणाऱ्या मंडळींच्या परिश्रमांमुळे. येथे ग्रंथांच्या मागे माणसे उभी होती.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. ४१ अध्यायांचा हा ग्रंथ आजही खेड्यापाड्यांतून वाचला जातो. त्याच्या आशयाचे सामर्थ्य तर वादातीत आहे. परंतु वितरणाच्या दृष्टीने पाहिले तर ग्रंथ छापला जाण्यापूर्वी दोन दशके मोझरीचा गुरुकुंज आश्रम उभा होता आणि गावोगाव सेवामंडळांच्या शाखा होत्या. सामुदायिक प्रार्थनेला बसणारा प्रत्येक गाव हा त्या ग्रंथाचा तयार वाचक होता.

चौथे उदाहरण ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे. त्यांचे बालपण व शालेय शिक्षण अमरावतीस झाले. १९१६ मध्ये त्यांनी नागपूर येथे ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी स्थापन केली. भागभांडवल आणि ग्राहक मिळविण्यासाठी ते गावोगाव हिंडले आणि ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ विभाग पूर्ण करून दाखविले. या खटाटोपाची हकिकत त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात सांगितली आहे. एवढा विद्वान पुरुष, पण ग्राहकाच्या दारी जाण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. आपल्या एकुलत्या एका पुस्तकासाठी चार गावे फिरण्यास संकोच करणाऱ्या लेखकाने हे ध्यानी धरावे.

हस्तलिखितापासून मुद्रितापर्यंत

खिळे जुळविण्याच्या काळात लेखकाला छापखान्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. जुळारी एकेक अक्षर उचलून ओळ उभी करी, ट्रेडलवर फॉर्म छापला जाई, आणि छपाई होताच खिळे पुन्हा पेटीत जात. आज अक्षरजुळणी संगणकावर होते आणि छपाई ऑफसेट वा डिजिटल यंत्रावर. श्रम कमी झाले, परंतु चुका गेल्या नाहीत. त्यांनी रूप बदलले आहे.

अनेक लेखक आता भ्रमणध्वनीवर किंवा संगणकावर युनिकोडमध्ये मजकूर लिहितात. छापखान्यात मात्र पुष्कळदा श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारखे जुन्या पद्धतीचे टंक वापरात असतात. एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत मजकूर नेताना जोडाक्षरे बिघडतात. ‘वऱ्हाड’ या शब्दातील ‘ऱ्हा’ हे अक्षर त्यात हमखास सापडते आणि छापताना ‘वर्हाड’ असे होऊन बसते. ज्या प्रदेशाविषयी पुस्तक, त्याचेच नाव पहिल्या पानावर चुकलेले असावे, याहून खेदाची गोष्ट कोणती? यासाठी मजकूर देण्यापूर्वीच छापखान्यात कोणता टंक आहे ते विचारावे, आणि ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’, ‘र्‍हस्व-दीर्घ’ वेलांट्या, तसेच अवतरणचिन्हे ही ठिकाणे मुद्रितात मुद्दाम तपासावीत.

बोलीभाषेतील लेखनाला आणखी एक धोका असतो. वऱ्हाडी पात्र ‘मले’ म्हणते, ‘काहून’ विचारते. मुद्रितशोधक सद्भावनेने त्याचे ‘मला’ आणि ‘का’ करून टाकतो. काही पृष्ठांवर दुरुस्ती झालेली आणि काही पृष्ठांवर राहिलेली, असे धेडगुजरी पुस्तक मग तयार होते. लेखकाने बोलीतील शब्दांची एक यादी करून ती हस्तलिखितासोबत द्यावी आणि त्यांना हात लावू नये असे स्पष्ट लिहून द्यावे. मुद्रिते निदान तीन वेळा वाचावीत. त्यांतील एक वाचन लेखकाखेरीज दुसऱ्या कोणी करावे. स्वतःच्या लेखनातील चूक स्वतःच्या डोळ्याला दिसत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

काम पूर्ण झाल्यावर अंतिम संगणकीय फाईल लेखकाने मागून घ्यावी आणि तसे आधीच ठरवून घ्यावे. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी ही फाईल हाताशी नसेल तर अक्षरजुळणीचा खर्च पुन्हा करावा लागतो.

कागद, फॉर्म आणि बांधणी

पुस्तकाचा खर्च समजून घेण्यासाठी छापखान्याची भाषा थोडी तरी परिचित असावी. सोळा पृष्ठांचा एक फॉर्म धरला जातो. डेमी आकाराचे, म्हणजे साधारण साडेपाच इंच रुंद व साडेआठ इंच उंच असे १६० पृष्ठांचे पुस्तक दहा फॉर्मचे होते. २३ गुणिले ३६ इंची कागदाच्या एका तावात या आकाराची ३२ पृष्ठे बसतात. म्हणजे एका प्रतीला पाच ताव लागतात आणि पाचशे प्रतींना अडीच हजार. पाचशे तावांची एक रीम या हिशेबाने हा कागद पाच रीम झाला. छपाईत वाया जाणारा कागद वेगळा धरावा. कागद ७० ग्रॅमचा असेल तर एका रीमचे वजन सुमारे पावणेएकोणीस किलो भरते. हा गुणाकार ज्याला करता येतो, त्याला छापखान्याचे दरपत्रक वाचता येते. १६० ऐवजी १६४ पृष्ठे केली तर चार पृष्ठांसाठी वेगळा तुकडा छापावा लागून खर्च का वाढतो, हेही त्याला कळते.

दरपत्रके निदान तीन ठिकाणांहून घ्यावीत आणि त्यांत कागदाचा प्रकार व वजन, मुखपृष्ठाचा कागद, बांधणीची पद्धत, प्रतींची संख्या आणि काम देण्याची तारीख यांचा लेखी उल्लेख असावा. बांधणीत चार पैसे वाचविण्याचा मोह पुढे महागात पडतो. ग्रंथालयात पुस्तक वीस हातांतून जाते. निव्वळ चिकटवलेली हलकी बांधणी लवकर सुटते, शिलाईची बांधणी टिकते.

कामाचा हंगामही पाहावा. लग्नसराईत छापखाने पत्रिकांच्या कामात बुडालेले असतात. निवडणुका आल्या की पुस्तकाचे काम मागे पडते. पावसाळ्यात चातुर्मास असल्याने पत्रिकांचे काम कमी असते, मात्र दमट हवेत कागद ओलावा धरतो व बांधणी वाळण्यास वेळ लागतो. तेव्हा त्या दिवसांत अक्षरजुळणी, मुद्रितशोधन व मुखपृष्ठ ही कामे उरकून घ्यावीत आणि पाऊस ओसरताच छपाई करावी, हे सोयीचे ठरते.

हिशेबाची बाजू

आता पैशांचा विचार. पुढील आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. समजा, पाचशे प्रतींचा एकूण खर्च ६०,००० रुपये झाला. एक प्रत १२० रुपयांना पडली. किंमत २५० रुपये ठेवली, तर प्रत्येक प्रतीमागे १३० रुपये उरतील असे लेखकाला वाटते. प्रत्यक्षात विक्रेत्याला सूट द्यावी लागते. ती ४० टक्के धरली तर हाती येतात १५० रुपये. म्हणजे केवळ खर्च भरून निघण्यासाठी चारशे प्रती विकल्या जाणे आवश्यक आहे. चार प्रती कायद्यानुसार ग्रंथालयांना आणि पन्नास प्रती अभिप्राय व भेट यांसाठी गेल्या, तर ४४६ प्रती उरतात. त्या सर्व विकल्या गेल्या तरी शिल्लक फक्त ६,९०० रुपये. भेटीच्या प्रती पन्नासऐवजी शंभर झाल्या, तर उरलेली प्रत्येक प्रत विकली जाऊनही सहाशे रुपयांचा तोटा होतो. समारंभात व्यासपीठावरून प्रती वाटताना हा हिशेब कोणाच्या लक्षात येत नाही.

या हिशेबात लेखकाच्या श्रमांचे मोल धरलेले नाही, प्रवासखर्च नाही आणि समारंभाचा मंडप व चहापाणीही नाही. छापील पुस्तकाच्या विक्रीवर वस्तू व सेवा कर नाही. परंतु कागद व छपाईच्या कामावर जो कर भरावा लागतो तो लेखकाच्या खर्चात मिळून जातो.

यावर एक उपाय डिजिटल छपाईने उपलब्ध करून दिला आहे. ऑफसेट छपाईत प्लेट तयार करण्याचा व यंत्र जुळविण्याचा खर्च पाच प्रती काढा की पाच हजार काढा, सारखाच येतो. म्हणून प्रती वाढल्या की दर प्रतीचा खर्च उतरतो. डिजिटल छपाईत दर प्रतीला खर्च अधिक पडतो, पण पन्नास किंवा शंभरच प्रती काढता येतात आणि गरज पडल्यास पुन्हा काढता येतात. दर प्रतीचा खर्च कमी दिसावा म्हणून हजार प्रती छापणे आणि त्यांतील सातशे पडून राहणे, यापेक्षा थोड्या महाग पडलेल्या शंभर प्रती विकल्या जाणे केव्हाही बरे.

काही ठिकाणी छपाईचा सर्व खर्च लेखकाकडून घेऊन पुस्तकावर प्रकाशनसंस्थेचे नाव देण्याचा व्यवहार चालतो. अशा व्यवहाराला सरसकट वाईट म्हणता येणार नाही. मात्र किती प्रती छापल्या जातील, त्यांपैकी किती लेखकाच्या ताब्यात येतील, न विकलेल्या प्रती कोणाच्या, आणि पुनर्मुद्रणाचा हक्क कोणाचा, या चार गोष्टी करारात लिहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

कायदा व नोंदणी

लेखनाचा हक्क ग्रंथस्वामित्व अधिनियम, १९५७ अन्वये लेखकाला लेखन करताच प्राप्त होतो आणि त्याच्या हयातीनंतर ६० वर्षे टिकतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. इच्छा असल्यास ती करता येते. ओव्या, गाणी, म्हणी यांचा संग्रह करणाऱ्याने त्या कोणत्या गावी व कोणाकडून ऐकल्या हे त्यांच्या संमतीने नमूद करावे. ज्या बायाबापड्यांनी ते धन सांभाळले, त्यांचा तो मान आहे.

पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांक, ज्याला आय. एस. बी. एन. म्हणतात, तो तेरा अंकी असतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून तो विनामूल्य मिळतो आणि स्वतः प्रकाशन करणारा लेखकही त्यासाठी अर्ज करू शकतो. हा क्रमांक म्हणजे पुस्तकाच्या गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे. ती केवळ ओळखखूण होय. तो मिळवून देतो म्हणून कोणी मोठी रक्कम मागत असेल तर सावध व्हावे.

१८६७ चा मुद्रणालये व पुस्तक नोंदणी अधिनियम १ मार्च २०२४ पासून निरस्त झाला आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या अधिनियमाचा संबंध केवळ नियतकालिकांशी आहे. परंतु पुस्तके ग्रंथालयांना देण्यासंबंधीचा १९५४ चा अधिनियम कायम आहे. त्यानुसार प्रकाशकाने प्रसिद्धीपासून ३० दिवसांच्या आत स्वखर्चाने कोलकाता येथील राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमरा ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांना प्रत्येकी एक प्रत पाठवावयाची असते. स्वतः पुस्तक काढणारा लेखक हाच येथे प्रकाशक होय. या चार प्रतींकडे अनेकजण खर्च म्हणून पाहतात. ताराबाईंच्या पुस्तकाची हकिकत आठवावी. घरातील गठ्ठे गेले तरी अशा ठिकाणी ठेवलेली प्रत पुढच्या पिढीला सापडते. त्यांच्या जोडीला जिल्हा ग्रंथालय, विद्यापीठाचे ग्रंथालय आणि स्वतःच्या गावची शाळा येथेही एकेक प्रत द्यावी.

वितरणाचा प्रश्न

सर्वांत कठीण टप्पा हाच. पुस्तकविक्रेता अनोळखी लेखकाच्या प्रती बहुधा विक्रीनंतर पैसे देण्याच्या बोलीवर ठेवून घेतो. त्यात गैर काही नाही. परंतु किती प्रती कोणत्या तारखेला दिल्या याचे चलन करून त्यावर पोच घ्यावी आणि तीन महिन्यांनी हिशेब करावा. तोंडी व्यवहारात दोघांचीही आठवण कमी पडते आणि स्नेह तुटतो.

वऱ्हाडात पैशाचा आणि फुरसतीचा हंगाम कापूस व सोयाबीन घरात आल्यावर येतो. दिवाळीपासून संक्रांतीच्या पुढेपर्यंतचा काळ पुस्तकविक्रीला अनुकूल असतो. याच सुमारास मोझरीचा पुण्यतिथी महोत्सव, बहिरमची दीर्घकाळ चालणारी यात्रा आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील शासनाचे ग्रंथोत्सव येतात. ग्रामीण विषयावरील पुस्तकाचा वाचक शहरातील दुकानापेक्षा तेथे भेटण्याचा संभव अधिक.

टपालाची सोयही पाहिली पाहिजे. नोंदणीकृत मुद्रित पुस्तकांची जुनी सवलतीची सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाल्याने लहान प्रकाशकांची मोठी अडचण झाली होती. १ मे २०२५ पासून टपाल खात्याने ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक व धार्मिक पुस्तकांसाठी असलेल्या या सेवेचा आरंभीचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा, असा ठेवण्यात आला. वर उल्लेखिलेले १६० पृष्ठांचे पुस्तक मुखपृष्ठासह दोनशे ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे वेष्टनासह ते पहिल्याच टप्प्यात बसते. जाड कागद वापरून पुस्तक भरदार करण्याच्या नादात हा टप्पा ओलांडला गेला तर दर प्रतीमागे टपालखर्च वाढतो. छपाईपूर्वीच हे वजन काढता येते. पुस्तकावर मुद्रकाचे वा प्रकाशकाचे नाव असणे टपालाच्या दृष्टीनेही आवश्यक आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ मुळे राज्यात गावोगाव ग्रंथालयांचे जाळे विणले गेले. ग्रंथालय संचालनालयामार्फत निवडलेल्या ग्रंथांच्या याद्या प्रसिद्ध होतात. त्या निवडीसाठी पुस्तक विहित वेळेत व विहित नमुन्यात सादर करावे लागते. याची माहिती जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याच्या कार्यालयात मिळते. १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. तिचा लाभ घेणाऱ्याने अर्ज छपाईच्या आधी करावयाचा असतो, हे विसरू नये. पुस्तक छापून झाल्यावर अनुदानाची चौकशी करण्यात अर्थ नसतो.

शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांचे कर्तव्य

लिहिणारा शासकीय सेवेत असेल तर त्याने महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ पाहावेत. निव्वळ वाङ्मयीन, कलात्मक वा शास्त्रीय स्वरूपाच्या लेखनाला नियमांत मोकळीक आहे. शंका वाटल्यास कार्यालयप्रमुखाला लेखी विचारावे. मात्र आपले पुस्तक हाताखालच्या माणसांना घ्यावयास लावणे, किंवा ज्या शाळेच्या वा पंचायतीच्या खर्चावर आपली सही लागते तिच्याकडून ते खरेदी करविणे, हे कोणत्याही नियमाशिवायही अनुचितच आहे. अशा रीतीने खपलेल्या पुस्तकाला ग्राहक मिळतो, वाचक मिळत नाही.

उलट, ज्यांचा त्या पुस्तकाशी आर्थिक संबंध नाही त्यांनी पुढे येण्यास पुष्कळ वाव आहे. शिक्षकांनी शाळेत गावच्या लेखकाला बोलावून मुलांपुढे पुस्तकातील चार पृष्ठे वाचून घ्यावीत. ग्रामपंचायतीने आपल्या गावाविषयीच्या पुस्तकाची एक प्रत दप्तरी जपावी. गावच्या ग्रंथालयाने तालुक्यातील लेखकांचे एक स्वतंत्र कपाट ठेवावे. आणि कोणी पुस्तक छापावयास निघाला की त्याच्या गावच्या पन्नास माणसांनी छपाईपूर्वीच नावनोंदणी करून किंमत भरावी. पन्नास म्हणजे फार नव्हेत. एका गावात पन्नास आणि अशा चार गावांत दोनशे ग्राहक आधी झाले, तर त्या लेखकाला निवृत्तीच्या पुंजीला हात लावावा लागणार नाही. केतकरांनी ज्ञानकोशासाठी जे महाराष्ट्रभर केले, ते एका पुस्तकासाठी चार गावांत करणे अशक्य नाही.

लेखकानेही मनाशी एक पथ्य पाळावे. हस्तलिखित पूर्ण झाल्यावर छापखान्यात जाण्यापूर्वी कोरी वही घ्यावी आणि हे पुस्तक कोण वाचील त्यांची नावे तीत लिहावीत. ओळखीच्या माणसांची नव्हे, तर वाचणाऱ्यांची. दीडशे नावे झाली तर दोनशे प्रती काढाव्यात. साठच झाली तर शंभर काढाव्यात आणि त्यात उणेपणा मानू नये. वाचलेल्या शंभर प्रतींमधून दुसरी आवृत्ती निघते; बांधून ठेवलेल्या हजार प्रतींमधून काहीही निघत नाही.